वैशाखातला माळ मेलेला असतो काय?

विद्यार्थिमित्रांनो, सातारा जिल्ह्याचा नकाशा काढा. महाबळेश्वरावर बोट ठेवा आणि ते सरळ पूर्वेकडे सरकवत दहिवडी-म्हसवडपर्यंत आणा. हे अंतर उणेपुरे शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माणदेशात जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही आला तर! अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्री चढताना आपले बहुतेक पाणी तेथेच रिते करतात. घाट उतरून पलीकडे जाणारा वारा कोरडा असतो. डोंगराच्या आडोशाला पडलेल्या अशा प्रदेशाला भूगोलात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात. दौंड, बारामती, इंदापूर, कर्जत, करमाळा, माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हे सारे तालुके या छायेत बसलेले आहेत. छाया म्हटली, तरी ऊन मात्र येथे रणरणते!

वैशाखात या भागातून एस.टी.ने प्रवास करताना खिडकीबाहेर पाहा. मुरमाड जमीन, मधून मधून बाभळी-हिवरांची विरळ झाडे, आणि सारा माळ पिवळाकरडा. गवतावर पाय ठेवला तर काडी काडी मोडते. शहरातला पाहुणा सहज म्हणून जातो, “येथे काहीच उगवत नाही वाटते!” मग मृगाच्या दोन चांगल्या सरी पडतात आणि आठ-दहा दिवसांत तोच माळ हिरवागार होतो. कोणी पेरले नाही, नांगरले नाही, खत घातले नाही.

हे हिरवे आले कोठून? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक जण ‘बियांतून’ असे उत्तर देतील. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर पाहायचे तर एक ठोंब उकरावा लागेल.

बांधावरचा एखादा वाळलेला गवताचा ठोंब (एकच घ्या, आणि मालकाला विचारून घ्या) मुळांसकट काढा आणि बुडख्यावर धारदार चाकूने उभा छेद द्या. बाहेर वाळक्या पानांच्या तळांचे एकावर एक पदर दिसतील, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. त्यांच्या आत, जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खाली, बुडखा पांढरट आणि ओलसर असतो आणि त्यावर बारीक बारीक डोळे असतात. उसाच्या कांडीवर असतात तसेच, फक्त फार लहान. हे डोळे म्हणजे झोपी गेलेले कोंब. एका ठोंबाचे असे दोन भाग करून त्यांतला अर्धा कुंडीत लावा आणि रोज थोडे पाणी घाला. आठवड्याभरात तुम्हांला उत्तराचा दुसरा भाग दिसू लागेल. मेलेले होते ते गवताचे कपडे. गवत आत जिवंतच होते.

पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही आपल्या माळांवरची महत्त्वाची गवते अशी बहुवर्षायू आहेत, म्हणजे एकच ठोंब वर्षानुवर्षे जगतो. पाऊस ओसरू लागला, की ही गवते पानांतील अन्नद्रव्यांपैकी बरीच ओढून बुडख्यात आणि मुळांत साठवून ठेवतात. मग पाने वाळू देतात. आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट रसायनशास्त्र न शिकता ठाऊक असते. गवत आश्विन-कार्तिकात कापले तर जनावराच्या अंगी लागते. फाल्गुनात कापलेल्या गवताने पोट भरते, पण दूध वाढत नाही. पानांतला कस तोवर जमिनीखालच्या तिजोरीत गेलेला असतो.

आता मूळ अडचण काय आहे ती नीट समजून घेऊ. कोणत्याही हिरव्या वनस्पतीला प्रकाशसंश्लेषणासाठी हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवा असतो. तो आत घेण्यासाठी पानांवर सूक्ष्म दारे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. दार उघडले की वायू आत येतो, पण त्याच दारातून पानातली वाफ बाहेर पडते. हा झाला बाष्पोच्छ्वास. गोम अशी, की हवेत कार्बन डाय-ऑक्साइड फार थोडा, तर पानाच्या आत वाफ भरपूर. त्यामुळे हा सौदा वनस्पतीला भलताच महाग पडतो. भात किंवा गहू यांसारख्या पिकात वायूचा एक रेणू पदरात पडेपर्यंत ढोबळ मानाने पाण्याचे ४०० रेणू उडून जातात. दारे बंद ठेवली तर पाणी वाचते, पण उपासमार होते. उघडी ठेवली तर जेवण मिळते, पण तहानेने मरण ओढवते. कोकणातल्या झाडाला पावसाळ्यात ही चिंता नसते. माणदेशात मात्र उघड्या तळ्यावरून वर्षभरात जेवढे पाणी उडून जाऊ शकते, ते पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून अधिक असते. तेथे दर रेणूचा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब निरनिराळ्या वनस्पती निरनिराळ्या रीतीने जुळवतात. मौज आहे ती येथेच.

गवतांपासून सुरुवात करू. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी उसाच्या पानातील प्रकाशसंश्लेषणाचा एक वेगळा मार्ग उलगडून दाखवला. उसात कार्बन डाय-ऑक्साइड पकडला जाऊन प्रथम जो पदार्थ बनतो त्यात कार्बनचे चार अणू असतात. भातात, गव्हात तीन असतात. म्हणून उसासारख्या वनस्पतींना ‘सी-४’ म्हणतात. त्यांच्या पानांत एक विकर असे आहे, की ते अगदी थोडा कार्बन डाय-ऑक्साइडही झपाट्याने पकडते आणि पानातल्या शिरांभोवतीच्या खास पेशींकडे पोचवते. जणू पंपाने भरावा तसा हा वायू तेथे दाटीने भरला जातो. त्यामुळे दार किलकिले उघडले तरी भागते, आणि ४०० ऐवजी सुमारे १५० रेणूंत काम होते. ज्वारी, बाजरी, मका यांत हीच युक्ती आहे, आणि आपल्या माळावरच्या बहुतेक गवतांतही. सोलापूरकडे ज्वारी का पिकते आणि भात का पिकत नाही, याचे एक कारण या रेणूंच्या हिशेबात आहे. (उसाचे नाव येथे आले म्हणून तो दुष्काळी भागाला योग्य ठरत नाही, बरे का! रेणूमागे काटकसर असली तरी वर्षभर वाढणाऱ्या त्या दांडग्या पिकाचे एकूण पाण्याचे बिल मोठेच येते.)

पावसाने ओढ दिली की ज्वारीची पाने दुपारी पुंगळीसारखी गुंडाळतात, हे तुम्ही पाहिले असेल. पानाच्या वरच्या बाजूला काही मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी असतात. त्यांतले पाणी कमी झाले की त्या आक्रसतात आणि पान आपोआप मिटते. उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग घटतो. माळावरची गवतेही हेच करतात. शिवाय ती आणखी एक पायरी पुढे जातात : अगदीच निभेना, की पानेच सोडून देतात आणि बुडख्यात जाऊन बसतात.

बाभूळ, हिवर, बोर, शमी यांचा मार्ग वेगळा. गवताची मुळे वरच्या हात-दोन हात मातीत दाट पसरतात आणि सर पडताच पाणी टिपतात. झाडांची मुळे मुरमाच्या आणि खडकाच्या भेगांतून खोल उतरतात. या बाबतीतला एक नोंदलेला विक्रम आपल्या वेड्या बाभळीच्या जवळच्या नातलगाचा आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका उघड्या खाणीत तिची मुळे ५३ मीटर खोलीवर सापडली, अशी नोंद १९६३ साली प्रसिद्ध झाली. ५३ मीटर म्हणजे सतरा-अठरा मजली इमारत, जमिनीत उलटी! आपल्या मुरमाड माळावर झाडाला इतके खोल जायची सोय बहुधा नसते. पण गवताच्या हाताला न लागणारे पाणी झाडाच्या हाताला लागते, एवढे खरे. बोर भर उन्हाळ्यात पाने टाकून मोकळी होते. शमी मात्र नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी काढते, आणि ती खोल मुळांच्या जिवावर. नेपतीने तर पानांची कटकटच जवळजवळ काढून टाकली आहे. हिच्या कोवळ्या फांदीवर काही दिवस बारीक पाने दिसतात आणि गळतात. पुढे हिरव्या काटक्याच पानांचे काम करतात. चैत्रात माळावर लाल फुलांनी लगडलेले बिनपानांचे काटेरी झुडूप दिसले तर ती नेपती असण्याचा संभव बराच.

रुईच्या पानावर बोट फिरवा. पांढरी, पिठासारखी लव बोटाला लागेल. ही लव आणि तिच्याखालचा मेणाचा लेप ऊन परतवतात आणि वाऱ्याला पानाच्या त्वचेशी थेट भिडू देत नाहीत. पान तोडू मात्र नका, आणि तोडलेच तर चीक डोळ्यांजवळ नेऊ नका. तो घातक असतो.

आता निवडुंगाकडे वळू. आपण निवडुंग या एकाच नावाने दोन अगदी भिन्न वनस्पती ओळखतो. त्रिधारी निवडुंग आपल्या इकडचा. त्याला खरचटले की पांढरा चीक वाहतो. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला. त्यात असा चीक नसतो. दोघांचे कूळ वेगळे, खंड वेगळे, पण कोरड्या हवेने दोघांनाही सारखाच वेष घालायला लावला : जाड हिरवे खोड, पानांऐवजी काटे, आत पाण्याचा साठा. आणि दोघांनीही दार उघडण्याची वेळ बदलली. त्यांची रंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्री, हवा गार झाल्यावर उघडतात. पण रात्री प्रकाश नसतो. मग आत घेतलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचे करायचे काय? तो मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठवून ठेवायचा, आणि सकाळी दारे लावून घेऊन उन्हाच्या मदतीने त्याचे अन्न बनवायचे. या पद्धतीत एका रेणूमागे पाण्याचे सुमारे ५० रेणूच खर्ची पडतात. वाढ मात्र संथ होते. धनगरांची मुले आवडीने खातात ती माकडशिंगीही याच पंथातली.

या शोधाची सुरुवात आपल्याच देशात झाली. बेंजामिन हाइन हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्या काळी दक्षिण हिंदुस्थानात काम करीत होते. त्यांनी पानफुटीची पाने चाखून पाहिली. सकाळी ती चुक्यासारखी आंबट लागत, दुपारी बेचव, संध्याकाळकडे किंचित कडवट. हे निरीक्षण त्यांनी इंग्लंडला पत्राने कळवले आणि १८१५ साली ते लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. आंबटपणा रात्री साठलेल्या आम्लाचा होता, हे नीट कळायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला. तुम्हीही हा प्रयोग करू शकता, पण चाखून नव्हे. पानफुटीत विषारी द्रव्ये असतात. सूर्योदयाच्या सुमारास एक पान ठेचून त्याच्या रसाचा थेंब सामूदर्शक कागदावर टाका. त्याच झाडाच्या दुसऱ्या पानाचा थेंब दुपारी तीन-चारच्या सुमारास टाका आणि दोन्ही रंग ताडून पाहा. प्रयोगशाळेतल्या शिक्षकांना सकाळी लवकर यायला लावण्याचा हा एक सभ्य मार्ग आहे.

राहिल्या हंगामी वनस्पती. यांना दुष्काळ सोसायचा नसतोच. त्या तो बीच्या रूपाने झोपून काढतात. पण बियांपुढेही एक संकट असते आणि ते तुमच्या घरच्यांना चांगले ठाऊक आहे : दुबार पेरणीचे. मृगाचा पाऊस बरसला म्हणून सारे बियाणे जमिनीत टाकले आणि पुढे महिनाभर आभाळ कोरडे राहिले, तर रोपे करपतात. जाणता शेतकरी म्हणूनच सारी पोती एकदम रिकामी करीत नाही. माळावरच्या पुष्कळ वनस्पतीही करीत नाहीत. एकाच झाडाच्या बियांची टरफले कमी-अधिक कठीण असतात; काही बिया पहिल्या पावसाला उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. पहिली फळी बुडाली तरी कोठार रिकामे होत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत नवलाचे वाटते ते कुसळी गवताचे बी. लोक त्याच्यावर चिडतात, कारण ते धोतरात, मोज्यांत, मेंढ्यांच्या लोकरीत शिरते आणि टोचते. पण एकदा ते तळहातावर घेऊन पाहा. खाली सुईसारखे अणकुचीदार टोक. टोकाच्या वर मागे वळलेले ताठ केस, गळाच्या काट्यासारखे. म्हणजे पुढे जाता येते, मागे येता येत नाही. आणि वर काही सेंटिमीटर लांबीचे, पिळलेले, मध्येच वाकलेले कुसळ. या कुसळावर पाण्याचा एक थेंब टाका आणि थांबा. थोड्याच वेळात ते गरगर फिरू लागेल! कुसळाच्या पेशींच्या भिंतींतील तंतू मळसूत्रासारखे तिरके असतात. ओल लागली की भिंती फुगतात आणि पीळ उलगडतो. वाळल्या की पीळ पुन्हा बसतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने हे चक्र चालू राहते. कुसळाचे वाकलेले टोक आजूबाजूच्या काड्यांत अडकते, त्यामुळे फिरते ते खालचे बी, आणि ते गिरमिटासारखे मातीत शिरते. जिवंत पेशीचा यात काही संबंध नाही. मेलेले कुसळही हेच काम करते. सेंटिमीटरभर खोल गेलेले हे बी मुंग्या-पाखरांच्या तावडीतून बरेचसे सुटते आणि वर वणवा पेटला तरी त्यातून वाचू शकते. आणखी एक शहाणपण त्यात आहे. ताजे बी काही महिने उगवतच नाही. कार्तिक-मार्गशीर्षात अवकाळी सर आली तरी ते फसत नाही. ज्येष्ठ-आषाढापर्यंत त्याची झोप पुरी झालेली असते.

येथवर आपण एकेकट्या वनस्पतीकडे पाहिले. आता साऱ्या माळाकडे एकत्र पाहू, कारण दुष्काळानंतर पुन्हा उभे राहण्याची ताकद बरीचशी या एकत्रपणात आहे.

माळावर गवत हिरवळीसारखे सलग नसते. ठोंब, मग मोकळी जागा, मग ठोंब, असे असते. ही मोकळी जागा वाया गेलेली नसते. कडक पृष्ठभागावर पडलेले पाणी तेथे फारसे मुरत नाही, ते उतारावरून वाहते आणि पुढच्या ठोंबापाशी अडते. ठोंबाच्या मुळांनी, वाळवी-मुंग्यांच्या बिळांनी तेथली माती भुसभुशीत असते. पाणी तेथेच मुरते. त्याबरोबर वाहून आलेली माती, काडीकचरा आणि बियाही तेथेच थांबतात. म्हणजे पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात त्या ठोंबाच्या वाट्याला प्रत्यक्षात त्याहून अधिक पाणी येते! पाणलोटात बांध घालून आपण जे करतो, ते हे ठोंब विनाखर्च करीत असतात. बोराटीच्या किंवा हेकळीच्या काटेरी जाळीत डोकावून पाहा. शेळ्यांना तोंड घालता येत नाही, सावलीने ओल टिकते, म्हणून चांगल्या गवताचे चार ठोंब आणि एखाद्या झाडाचे रोप तेथे हमखास तग धरून असते. बाहेर चराईने सारे खुरटले तरी त्या जाळीतून बी पुन्हा बाहेर पडते.

शिवाय सगळ्यांचे सुगीचे वर्ष एक नसते. एखाद्या साली पाऊस लवकर येऊन लवकर गेला, तर एक गवत जोर करते. उशिरा आला, तर दुसरे. वरवरच्या सरी पडल्या तर गवताचे फावते, मुरणारा पाऊस झाला तर झाडाचे. जितक्या जातींची ही बिरादरी, तितकी सगळ्यांनीच एकदम हार खाण्याची शक्यता कमी. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांची नावे दख्खनच्या घराघरांत अजून घेतली जातात. माळांनी हे दोन्ही पाहिले, आणि त्यांच्या आधीचे कितीतरी.

काहींचे म्हणणे असते, की माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण सगळीकडे नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रासंबंधीच्या जुन्या ओव्या, कथा, चरित्रे तपासली. त्यांत त्यांना ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख सापडले आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माळरानावर वाढणाऱ्या निघाल्या. पंढरपूरच्या कान्होपात्रेच्या कथेत जे झाड येते, ती तरटी. हीसुद्धा कोरड्या माळावरचीच. तेव्हा निदान सहा-सात शतके तरी येथे माळ आहेत, असे म्हणायला आधार आहे.

मग असा चिवट माळ कशाने मरत नाही काय? मरतो. दुष्काळाने सहसा नाही, नांगराने मरतो.

गुरांनी वरवर खाल्लेले गवत पुन्हा फुटते, कारण वाढीचे डोळे बुडख्यात सुरक्षित असतात. सतत ओरबाडत राहिले, पान वर येते तोच खाल्ले गेले, तर तिजोरी रिकामी होत जाते; आधी पवन्यासारखी कसदार गवते मागे पडतात, मग इतर. तरीही चराई काही वर्षे बंद ठेवली तर बरेच काही परत येऊ शकते. नांगर मात्र बुडखाच उपटून टाकतो, आणि बहुतेक बहुवर्षायू गवतांचे बी मातीत फार वर्षे टिकत नाही. पेढीही गेली आणि ठेवही गेली, अशी गत होते.

याची आकडेवारी आता उपलब्ध आहे. पश्चिम महाराष्ट्रातील ४५७ ते १,९५४ मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. जुन्या, न नांगरलेल्या माळात एका चौरस मीटरमध्ये सरासरी १२ देशी जाती आढळल्या. माळावर झाडांची लागवड केलेल्या जागी ८, शेती करून पडीक सोडलेल्या जागी ६ आणि चालू शेतीत ३. बहुवर्षायू देशी गवतांनी व गवतासारख्या वनस्पतींनी झाकलेली जमीन जुन्या माळात २७ टक्के होती. झाडांच्या लागवडीत ती ९ टक्के, पडीक शेतात ७ टक्के आणि चालू शेतीत ०.१ टक्का भरली. आपण ‘पडीक सोडली की जमीन पूर्ववत होईल’ असे धरून चालतो. ते तसे होत नाही.

शेतीचे समजू शकते. माणसांना पोट आहे. झाडे लावून माळाचे नुकसान कसे होते, हे मात्र अनेकांना पटत नाही. कारणे सरळ आहेत. खड्डे आणि चर खणताना ठोंब उपटले जातात. पुढे गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे दाट वाढली की सावली पडते, आणि माळावरच्या सी-४ गवतांना लागते भरघोस ऊन. सावलीत ती झुरतात. गवत विरळ झाले की त्यावर जगणारे सारे उठतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली. हे दोन्ही प्राणी जंगलाचे नव्हेत, उघड्या गवताळ रानाचे आहेत. सरकारी दप्तरात मात्र अशा रानाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच असते, आणि एकदा पडीक म्हटले की तिचे काहीतरी केले पाहिजे असे प्रत्येकाला वाटू लागते. ओढ्याचा काठ, रस्त्याची कड, गावठाण, शाळेचे आवार येथे झाडे जरूर लावावीत. पण पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपणासाठी माळावर नेण्यात आले, तर कुदळ मारण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहायला कोणाची हरकत नसावी.

ते कसे पाहायचे ते सांगून थांबतो. चार खुंट्या आणि सुतळी घ्या. गावाजवळच्या न नांगरलेल्या माळावर, शक्य तर याच वैशाखात, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौकोन आखा. तसाच दुसरा चौकोन कधीकाळी नांगरून सोडून दिलेल्या रानात आखा. दोन्हींत वाळलेले ठोंब किती, ते मोजून वहीत लिहा आणि ठोंब कोठे कोठे आहेत याची आकृती काढा. पहिला चांगला पाऊस झाला की तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा जा. हिरवे कोंब ठोंबातून आले की मोकळ्या मातीतून, हे वेगवेगळे मोजा. आकृतीत त्यांना वेगळ्या रंगाच्या खुणा करा. नावे येत नसली तरी बिघडत नाही, ‘रुंद पानाचे’, ‘लाल देठाचे’, ‘लव असलेले’ अशी आपली नावे ठेवा. नाव विचारायचेच झाले तर गावातल्या मेंढपाळाला विचारा. भाद्रपदात गवत फुलावर आले की शेवटची मोजणी करा, आणि चौकोनाच्या खुंट्या तेथेच राहू द्या. त्या पुढच्या वैशाखातही लागतील.